निसर्गावरचा बोर्ड गेम घेताना आधी नियम वाचा, चित्रं मग बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात तीन मुलं, साडेतीन, सहा आणि दहा वर्षांची. झाडं, पक्षी, प्राणी यांची ओढ लागावी असे बोर्ड गेम घ्यायचे आहेत. खोक्यावर छापलेलं वय कितपत मानायचं? कुठल्या वयाला काय द्यायचं? आणि तिघांना एका पटाभोवती बसवता येईल असं काही आहे का?

मी सोळा वर्षं मुलांसाठी खेळांची लायब्ररी चालवते आहे, आणि सुट्टीत त्याच मुलांना घेऊन निसर्ग शिबिरांना जाते. खेळ घरी जातो, पंधरा दिवसांनी परत येतो आणि खोकं उघडलं की कळतं, तो खेळला गेला की नुसता कपाटात बसला. पत्त्यांच्या कडा मऊ झालेल्या असतात, गुण मांडायच्या कागदांचा गठ्ठा संपत आलेला असतो, एखाद्या सोंगटीचा रंग उडालेला असतो. असा खेळ परत आला की मला बरं वाटतं. निसर्गाच्या नावाने घेतलेले बरेच खेळ मात्र जसेच्या तसे कोरे परत येतात. निसर्ग खोक्यावर छापलेला असतो, पण खेळात कुठे नसतो, हेच त्याचं बहुतेक वेळा कारण असतं.

म्हणून माझी पहिली कसोटी नियमांची. बहुतेक प्रकाशक नियमपुस्तिका आपल्या वेबसाइटवर ठेवतात. ती वाचा आणि मनातल्या मनात हरणाच्या जागी मोटार, जंगलाच्या जागी शहर घालून बघा. नियमांचा एक शब्दही बदलावा लागला नाही, तर तो प्राण्यांची चित्रं चिकटवलेला सापशिडीचा खेळ आहे. फासा टाका, चार घरं पुढे जा, ‘वणवा लागला, दोन घरं मागे या’. यात वणव्याबद्दल मुलाला काही कळत नाही, नशीब वाईट होतं एवढंच कळतं. नियमातच निसर्ग असेल तर मुलाला जिंकण्यासाठी झाडासारखा, पक्ष्यासारखा विचार करावा लागतो, आणि तो विचार खेळ आवरल्यावरही डोक्यात राहतो.

ही कसोटी सात वर्षांच्या पुढे चोख चालते. त्याआधी ती लावू नका. साडेतीन वर्षांच्या मुलाला नियमातलं काही नको असतं. त्याला हातात मावणारं लाकडी फळ हवं असतं, ते टोपलीत टाकताना होणारा आवाज हवा असतो. त्या वयाला वस्तूच सगळं काही शिकवते.

आता खोक्यावरच्या वयाबद्दल. तो आकडा तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतो आणि आपण त्या एकत्र समजतो. पहिली सुरक्षिततेची. ‘३ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असं चिन्ह असेल तर ते काटेकोर पाळा. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका छोट्या नळकांड्यात जो भाग पूर्ण मावतो, तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरूनच खेळण्यांची तपासणी होते. इथे ‘आमचं मूल तोंडात घालत नाही’ या भरवशावर राहू नका. दुसरी गोष्ट आकलनाची: मोजणं, वाचणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं. हा आकडा मात्र वाटाघाटीचा आहे. घरात खेळायची सवय असेल तर १० चा खेळ आठव्या वर्षी आरामात चालतो. तिसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. अमेरिकेत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेल्या वस्तूंची स्वतंत्र प्रयोगशाळेत चाचणी करून घ्यावी लागते. तो खर्च टाळायला काही प्रकाशक सरळ १३ किंवा १४ छापतात. त्यामुळे खोक्यावर १४ दिसलं म्हणून खेळ अवघड असेलच असं नाही. नियम किती पानांचे आहेत आणि पत्त्यांवर किती मजकूर आहे, यावरून जास्त खरं उत्तर मिळतं.

मजकुराचा मुद्दा आपल्या मुलांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. पत्त्यावर इंग्रजीत तीन ओळी असतील आणि त्या प्रत्येक वेळी तुम्हाला वाचून, मराठीत सांगून द्याव्या लागणार असतील, तर मूल खेळत नाही, तुमचं ऐकत बसतं. ज्या खेळांत फक्त रंग, आकार आणि चिन्हं असतात ते भाषेवाचून अडत नाहीत. खाली सांगितलेल्यांपैकी बहुतेक तसे आहेत. नसतील तिथे सांगते.

साडेतीन वर्षांच्या मुलासाठी मी डोळे झाकून हाबा कंपनीचा ‘फर्स्ट ऑर्चर्ड’ सांगते. मूळ ‘ऑर्चर्ड’ १९८६ चा, आनेलीझे फारकाशोव्स्की यांचा. त्यात चाळीस फळं होती. लहानांसाठीच्या या आवृत्तीत सोळा आहेत: लाल सफरचंदं, हिरवी सफरचंदं, नासपती आणि प्लम, प्रत्येकी चार. फाशाच्या चार बाजूंवर रंग, एकीवर टोपली आणि एकीवर डोमकावळा. रंग आला की त्या झाडाचं फळ तोडायचं. टोपली आली तर हवं ते फळ घ्यायचं. डोमकावळा आला की तो एक पाऊल बागेकडे येतो. तो पोचायच्या आत सगळी फळं उतरवली की सगळे जिंकले, नाहीतर कावळा जिंकला. कुणी एकटा हरत नाही. या वयात हरणं पेलत नाही, त्यामुळे ही रचना फार मोलाची आहे.

एक गोष्ट हमखास बघायला मिळते. टोपली आली की लहान मूल आपल्याला आवडणारं फळ उचलतं. चार-पाच डाव झाले की एक दिवस त्याचा हात हवेत थांबतो. ते झाडांकडे बघतं, कुठल्या झाडावर जास्त फळं राहिली आहेत ते शोधतं आणि तिथलं घेतं. एक फळ राहिलेल्या झाडापेक्षा तीन फळं राहिलेलं झाड आधी हलकं करावं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो हात थांबतो तो क्षण तुम्हाला बघायचा असेल तर आधीच ‘अरे, ते घे ना’ असं म्हणू नका. माझ्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांनाही मी एवढीच विनंती करते.

त्याच वयाचा दुसरा खेळ म्हणजे रावेन्सबर्गरचा गोगलगायींच्या शर्यतीचा. अलेक्स रँडॉल्फ यांनी १९८५ मध्ये केलेला. सहा रंगांच्या सहा लाकडी गोगलगायी, दोन रंगीत फासे. कुठलीच गोगलगाय कुणाचीच नाही. कोण पहिली येईल आणि कोण शेवटी, एवढा अंदाज सुरुवातीला करायचा आणि मग सगळ्यांनी मिळून त्यांना पुढे न्यायचं. मुलं सगळ्यात मागे राहिलेल्या गोगलगायीला ओरडून धीर देतात. निसर्गाचं ज्ञान म्हणाल तर यात काही नाही. पण संथ चालणाऱ्या प्राण्याकडे दहा मिनिटं टक लावून बघायची सवय इथे लागते, आणि पावसात खरी गोगलगाय दिसली की तेच मूल उकिडवं बसून बघत राहतं.

सहा वर्षांच्या मुलासाठी विकत घ्यायच्या आधी घरी एक खेळ बनवा. जोड्या लावायचा खेळ सगळ्यांना माहीत आहे: पत्ते पालथे ठेवायचे, दोन उलटायचे, जुळले तर घ्यायचे. छापील खेळात दोन्ही पत्त्यांवर तंतोतंत एकच चित्र असतं. तुम्ही खरी पानं घ्या. दहा झाडांची प्रत्येकी दोन पानं, आठवडाभर जाड पुस्तकात दाबून, सारख्या मापाच्या पुठ्ठ्यांवर चिकटवून, वरून पारदर्शक चिकटपट्टी. एकाच झाडाची दोन पानं कधीच हुबेहूब नसतात. एक मोठं, एक लहान, एकाची कड किड्याने खाल्लेली. मग मुलाला ठरवावं लागतं की नक्की काय जुळलं तर जोडी धरायची. कडेची नक्षी? शिरांची ठेवण? टोक? आमच्याकडे एका मुलीने दोन पानं हातात धरून ‘ही बहिणी आहेत, जुळ्या नाहीत’ असं सांगितलं होतं. जात म्हणजे काय हे यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. झाडं मुलालाच निवडू द्या. जाड, रसाळ पानं टाळा, ती नीट वाळत नाहीत आणि काळी पडतात.

विकतच्यांमध्ये या वयाला पेंग्विनांचा ‘हे, दॅट्स माय फिश’ बघा. तो २००३ चा आहे आणि डाव वीस मिनिटांत आटपतो. बर्फाचे साठ षटकोनी तुकडे पसरायचे, त्यांवर एक, दोन किंवा तीन मासे. पेंग्विन सरळ रेषेत हवा तितका सरकतो आणि ज्या तुकड्यावरून निघाला तो तुकडा तुम्ही उचलून घेता. म्हणजे प्रत्येक चालीला पायाखालचा बर्फ कमी होतो. शेवटी एखादा पेंग्विन एकट्या तुकड्यावर अडकतो आणि आजूबाजूला नुसतं टेबल. पेंग्विनांच्या जीवनाशी याचा संबंध पातळच आहे, हे मी मान्य करते. पण जागा संपत जाते म्हणजे काय, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला इथे स्वतःच्या हातांनी कळतं. खोक्यावर ८ लिहिलं आहे. सहाव्या वर्षी मोठ्याची थोडी मदत लागते, एवढंच. एक इशारा: हा खेळ दिसतो गोड, पण खेळाडू एकमेकांची वाट मुद्दाम अडवतात. हरल्यावर पट उधळणाऱ्या मुलाला अजून वर्षभर थांबवा.

दहा वर्षांच्या मुलासाठी आता खरी मेजवानी आहे, आणि इथे माझी नियमांची कसोटी पुरी उतरते.

सगळ्यात आधी ‘फोटोसिंथेसिस’. २०१७ मध्ये आलेला, याल्मार हाख यांचा, दोन ते चार जणांसाठी. नावातच प्रकाशसंश्लेषण आहे आणि नियमातही तेच आहे. षटकोनी पटावर पुठ्ठ्याची उभी झाडं. पटाच्या कडेने सूर्य फिरतो, प्रत्येक फेरीला एक बाजू पुढे. झाडाला ऊन मिळालं की गुण मिळतात: लहान झाडाला १, मध्यमला २, मोठ्याला ३. प्रत्येक झाडाची सावली मागच्या घरांवर पडते, लहानाची एक घर, मध्यमची दोन, मोठ्याची तीन. सावलीत आलेलं झाड ती पाडणाऱ्याहून उंच नसेल तर त्याला त्या फेरीत काही मिळत नाही. मिळालेल्या उन्हातूनच बी टाकायचं, रोप वाढवायचं. झाड जितकं उंच तितकं बी लांब पडतं. पटाच्या मध्यभागी जमीन सर्वांत कसदार, पण तिथेच सगळ्यांची गर्दी आणि सगळ्यात दाट सावली.

नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे बहिणीबरोबर हा खेळत होता. बहिणीची दोन रोपं झाकली जावीत म्हणून त्याने अगदी हिशेबाने मोठं झाड उभं केलं. दोन फेऱ्या त्याच्या मनासारखं झालं. मग सूर्य पलीकडे गेला. तो गुण मोजायला पटाच्या उंचीला डोळे आणून वाकला आणि तसाच थांबला. त्याच्या स्वतःच्या तीन रोपांवर त्याच झाडाची सावली होती. ‘माझंच झाड मला खातंय,’ तो म्हणाला. पुढच्या महिन्यात शिबिरात एका जुन्या, विस्तीर्ण झाडाखाली आम्ही थांबलो होतो. मी काही बोलायच्या आत तो खाली बसून रोपं मोजायला लागला. खाली शेकडो रोपं होती आणि सगळी बोटभर. ‘ही वाट बघतायत,’ त्याने बाकीच्यांना सांगितलं, ‘हे पडलं की यांची पाळी.’ मोठं झाड पडून जंगलात उजेडाची खिडकी उघडते आणि खाली थांबलेली रोपं झपाट्याने वर येतात, हे त्याला पटावरूनच उमगलं होतं.

याच खेळातली एक चूकही मुलांना शोधायला सांगा. पटावर झाडाची सावली दिवसभर तेवढीच लांब राहते. बाहेर तशी राहते का? उन्हात एक काठी उभी करून सकाळी, दुपारी, संध्याकाळी खडूने सावलीचं टोक आखायला लावा. आपल्या खेळाने काय सोडून दिलंय हे दहा वर्षांच्या मुलाला नेमकं सांगता येतं, आणि ते सांगताना त्याला फार आनंद होतो.

‘विंगस्पॅन’चं नाव तुम्ही ऐकलं असेल. पक्षीनिरीक्षक असलेल्या एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा हा २०१९ चा खेळ. मूळ संचात १७० पक्षी, प्रत्येकाचा वेगळा पत्ता, त्यावर पंखांचा विस्तार, घरट्याचा प्रकार, अधिवास आणि खाद्य. आणि ही माहिती शोभेची नाही. शिकारी पक्षी पत्त्यांच्या ढिगातला पुढचा पत्ता उघडतो. त्यावरचा पक्षी पंखांच्या मापाने पुरेसा लहान असेल तरच शिकार साधते. कुणाची शिकार साधली की दुसऱ्याच्या गिधाडाला त्यातून खाद्य मिळतं. काऊबर्ड नावाचा पक्षी आपल्या कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. खेळातही त्याचं अंडं वाटीसारखं घरटं असलेल्या दुसऱ्या पक्ष्याच्या पत्त्यावर ठेवता येतं. हा नियम वाचल्यावर मुलं थबकतात आणि विचारतात, ‘खरंच असं करतो?’ एवढा प्रश्न निघाला की माझं काम झालं.

पण हा खेळ लगेच घेऊ नका. पत्त्यांवर इंग्रजी मजकूर भरपूर आहे, चार फेऱ्यांचा डाव तासभर चालतो आणि पहिल्या डावाला नियम सांगण्यातच अर्धा तास जातो. मुलाने आधी दोन-तीन मध्यम खेळ पचवलेले असावेत. इंग्रजी वाचायला अडखळत असेल तर अकरा-बारापर्यंत थांबा, काही बिघडत नाही. आणि मूळ संचातले पक्षी उत्तर अमेरिकेचे आहेत. मुलाला ओळखीचे पक्षी हवे असतील तर २०२२ चा आशियाचा संच आहे, तो दोघांना स्वतंत्रपणे खेळता येतो.

मधली पायरी म्हणून ‘कॅस्केडिया’ उत्तम. रँडी फ्लिन यांचा हा खेळ २०२१ मध्ये आला आणि २०२२ चा जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. डोंगर, जंगल, कुरण, पाणथळ आणि नदी यांचे तुकडे जोडत जायचे आणि त्यांवर पाच प्राणी बसवायचे. गुण मिळतात ते प्राणी कसे बसवले त्यावर. अस्वलं जोडीने, पण दुसऱ्या जोडीपासून दूर. ससाणे एकेकटे. सालमन मासे एकामागोमाग रांगेत. कोल्ह्याला शेजारी जितके निरनिराळे प्राणी तितका तो खूश. गुणांची वेगवेगळी पत्रकं आहेत, त्यामुळे डाव दर वेळी बदलतो, आणि सोपी कौटुंबिक पद्धतही नियमात दिली आहे. त्या पद्धतीने तुमचं सहा वर्षांचं मूल पुढच्या वर्षी यात सामील होईल. पत्त्यांवर वाचायला काही नाही. एकमेकांचं फारसं बिघडवता येत नाही, म्हणून भांडणं कमी. एकच खेळ घ्यायचा असेल तर तुमच्या घरासाठी मी हाच सांगेन.

दोघांसाठी ‘हाइव्ह’ही ठेवण्यासारखा. पट नाही, जड गुळगुळीत सोंगट्या, प्रत्येक कीटकाची चाल वेगळी: नाकतोडा उडी मारतो, भुंगेरा दुसऱ्यावर चढून बसतो, मुंगी कडेने हवी तितकी धावते. त्यात कोळीही आहे. मुलाने ‘कोळी कीटक नाही, त्याला आठ पाय असतात’ असं म्हटलं तर त्याला शाबासकी द्या. प्रवासात न्यायला याच्यासारखा खेळ नाही.

बारा-तेराव्या वर्षी ‘इव्होल्यूशन’ आणा. आपला प्राणी आपणच घडवायचा, त्याला लांब मान द्यायची की जाड कवच, हे समोरच्यांनी काय घडवलंय ते बघून ठरवायचं. कुणी मांसाहारी प्राणी उतरवला की अख्ख्या टेबलावरचे बेत बदलतात. पत्त्यांवर इंग्रजी मजकूरही आहे, त्यामुळे आत्ता तो तुमच्या घरात कपाटातच राहील.

राहिला तिघांचा प्रश्न. साडेतीन आणि दहा यांच्यात एकच खेळ दोघांनाही आपल्या बुद्धीने खेळता येईल असा शोधू नका, तसा तो नसतो. ‘हूट आउल हूट’ मात्र जवळ जातो. सूर्य उगवायच्या आत घुबडांना घरट्यात पोचवायचं. सगळे एका बाजूला, सगळ्यांचे पत्ते उघडे. ज्या रंगाचा पत्ता टाकाल त्या रंगाच्या पुढच्या घरावर घुबड उडतं, आणि वाटेत दुसरं घुबड बसलं असेल तर त्याला ओलांडून पुढे जातं. सूर्याचा पत्ता हातात आला की तो टाकावाच लागतो आणि पहाट एक घर जवळ येते. सुरुवातीला तीन घुबडं घ्या, मग सहापर्यंत वाढवा. खोक्यावर ४ आहे, साडेतीनला चालतो.

सहकाराच्या खेळांत एकच धोका असतो: मोठं मूल सगळ्यांच्या चाली खेळून टाकतं. त्यावर आमच्याकडे एक नियम आहे. ज्याची पाळी त्याचाच हात घुबडाला लागेल, आणि विचारल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही. दहा वर्षांच्या मुलाला हे जड जातं. त्याला वेगळी जबाबदारी द्या: सूर्य पुढे सरकवणं आणि किती घरं उरली ते जाहीर करणं त्याच्याकडे.

‘कॅस्केडिया’ किंवा ‘फोटोसिंथेसिस’ मांडाल तेव्हा धाकट्याला कच्चं लिंबू म्हणून घ्या, पण नुसतं नावापुरतं नको. ‘फोटोसिंथेसिस’मध्ये सूर्य फिरवायचं काम त्याचं. तो सूर्य हलवत नाही तोवर कुणालाच ऊन नाही. आमच्याकडचा एक चार वर्षांचा मुलगा हे काम इतक्या गांभीर्याने करतो की सूर्य सरकवायच्या आधी चारही खेळाडूंकडे एकेकदा बघून ‘झालं?’ असं विचारतो, आणि सगळ्यांनी मान हलवली की मगच हात पुढे करतो.